सिझर झालंय? मग मालीश कधी, कुठे आणि पोटाला का नाही

फोनवर ‘डिलिव्हरी झाली, सोमवारपासून मावशींना पाठवा’ एवढंच सांगितलं जातं. सोमवारी आमच्या मालीश करणाऱ्या मावशी तेल कोमट करायला ठेवतात आणि तेव्हा कळतं की सिझर आहे, टाके अजून कोवळे आहेत. मग बाळाला न्हाऊमाखू घालून त्या परत येतात, घरातल्या आजी नाराज होतात आणि तुमचा एक दिवस फुकट जातो. म्हणून बुकिंग करतानाच सिझरची तारीख सांगा.

सिझरमध्ये फक्त कातडी कापलेली नसते. तिच्याखाली चरबी, मग स्नायूंवरचं जाड पांढरं आवरण, पोटाचा आतला पडदा आणि शेवटी गर्भाशय. वरची कातडी आठ-दहा दिवसांत मिटलेली दिसते, म्हणून घरच्यांना वाटतं झालं सगळं. आतल्या आवरणाला मात्र सहा आठवड्यांनीही पहिल्यासारखी ताकद आलेली नसते. पोट चोळलं नाही तर गर्भाशय जागेवर येणार नाही, हे आम्हाला दर आठवड्याला ऐकवलं जातं. ते आपोआप आकसतं. दहा-बारा दिवसांत ओटीपोटात खाली उतरतं आणि सहा आठवड्यांत जवळजवळ मूळ आकारावर येतं. बाळाला पाजताना पोटात कळ येते, ती त्याचीच.

टाका ओला का होतो

टाक्यावर मुद्दाम तेल कुणी चोळत नाही. पाठ-कंबरेला भरपूर तेल लावलं जातं, वर कढत पाण्याची अंघोळ होते आणि तेल-पाणी ओघळून ओटीपोटाच्या वळीत जाऊन बसतं. टाका नेमका तिथेच असतो. बाळंतिणीला तो वाकून दिसत नाही, दुसऱ्याला दाखवायचा संकोच वाटतो. त्यावर जुन्या सुती साडीचा घट्ट पट्टा बांधला की आत ओल आणि घाम कोंडतो. मग कडेने लाली येते, चिकट पाणी येतं, वास येतो आणि टाक्याचं एक टोक उघडतं. पुढे रोजचं ड्रेसिंग, औषधं, आणि मालीश कित्येक आठवडे बंद.

टाळायला पाच मिनिटं पुरतात. डॉक्टरांनी पट्टी काढून अंघोळीला परवानगी दिली की टाक्यावरून साधं पाणी जाऊ द्या, साबणाने घासू नका. अंघोळीनंतर आडवं व्हा, पोटाची वळी हाताने वर धरा आणि धुतलेल्या मऊ सुती कापडाने टिपून घ्या. दोन-तीन मिनिटं तसंच उघडं राहू द्या. पावसाळ्यात कापड दमट राहतं, तेव्हा आधी इस्त्री फिरवा. हळद, पावडर, खोबरेल यांतलं काहीही टाक्यावर नको. आतले कपडे कमरेच्या वर येणारे घ्या, म्हणजे इलॅस्टिक टाक्यावर घासत नाही.

आम्ही काय करतो

पहिल्या भेटीत मावशी फक्त डिस्चार्ज कार्ड आणि टाका बघतात. त्या भेटीचे पैसे घेत नाही. डॉक्टरांनी टाका तपासून हो म्हटलं की हात, पाय, मान, खांदे आणि पाठ, तेही बसवून किंवा कुशीवर. पालथं झोपवत नाही. तेल अर्धी वाटी पुरतं. पोटाला हात सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, डॉक्टरांची संमती असेल तरच. दुसरीकडे पाचव्या दिवसापासून सगळं अंग रगडून देतात, शिवाय स्वस्तात, असं सांगितलं जातं. देत असतील. आम्ही देत नाही.

एकच पोटरी दुखत असेल, सुजलेली किंवा गरम लागत असेल, तर ‘जरा जोरात चोळा’ म्हणू नका. सिझरनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. चोळून ती सुटली तर फुप्फुसात जाऊ शकते. अशा वेळी मावशी हात थांबवतात आणि तुम्हाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगतात.

पोटाच्या तयार पट्ट्याने (साडीच्या नव्हे) चालताना आधार मिळतो, पण त्याने पोट आत जात नाही. जेवताना आणि झोपताना काढून ठेवा. आमच्याकडे मिळतो, पण हॉस्पिटलने दिलेला असेल तर दुसरा घेऊ नका.

उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटा देऊन बसा. खोकताना, शिंकताना टाक्यावर उशी दाबून धरा. पाजताना बाळ काखेखालून घेतलं किंवा कुशीवर झोपून पाजलं की पोटावर भार येत नाही. बाळापेक्षा जड काही उचलू नका, भरलेली बादली तर नाहीच.

बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी आम्ही देत नाही. बाळालाही तोच धूर जातो. शेक हवाच असेल तर पाठीला गरम पाण्याच्या पिशवीने देतो.

भाताने किंवा डाळीने टाक्यात पू होत नाही. उलट जखम भरायला डाळ, दूध, चालत असतील तर अंडी लागतातच. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर खुशाल द्या, मात्र पाणी तोडू नका. आधीच शौचाला त्रास होत असतो आणि कुंथलं की टाक्यावर ताण येतो. लोहाची गोळी चहाबरोबर नको.

१००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, टाक्यातून पू, तासाला एक पॅड पूर्ण भिजेल एवढा रक्तस्राव, धाप किंवा छातीत दुखणं, किंवा उठून बसलं की वाढणारी आणि आडवं झालं की कमी होणारी डोकेदुखी: यांपैकी काहीही असेल तर आधी हॉस्पिटलला फोन करा, मग आम्हाला. त्या दिवसाचे पैसे लागत नाहीत, दिवस पुढे धरतो.

बुकिंगच्या वेळी डिस्चार्ज कार्डाचा फोटो, टाके विरघळणारे आहेत की काढायचे, आणि बीपी, शुगर किंवा रक्त पातळ होण्याची इंजेक्शनं चालू आहेत का, एवढं व्हॉट्सअॅपवर पाठवा. सातव्या महिन्यात नाव नोंदवलंत तर मावशी तुम्हाला हव्या त्या वेळेच्या मिळतात. ऐन वेळी सकाळच्या वेळा भरलेल्या असतात.