शाळा सुटल्यानंतरचे उपक्रम (गोवा)

शाळेचे तास संपल्यावर मुलांसाठी चालणारे अभ्यासाचे, खेळाचे, गाण्या-वाजवण्याचे, वाचनाचे वर्ग म्हणजे हे उपक्रम. गोव्यात याचा विचार करताना आधी घड्याळ बघायला हवं, कारण इथल्या बहुतेक शाळा सकाळी आठच्या आसपास भरतात आणि एक-दीडला सुटतात. म्हणजे मुलाच्या हातात जवळजवळ अर्धा दिवस उरतो. आईवडील दोघंही कामाला असतील, कोण हॉटेलात कोण वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत फॅक्टरीत, तर दीड ते सहा मूल कुठे असतं हा घरोघरचा प्रश्न आहे. आजी असली तर ठीक, नाहीतर मोबाईल.

इथे बोलायचंय ते मुख्यतः गावातल्या मुलांबद्दल, पण गोवा ग्रामीण आहे का यावरच लोक वाद घालतात. २०११च्या जनगणनेत ६२ टक्के लोक शहरी दाखवले आहेत खरे, पण जनगणनेने शहर म्हटलेल्या बऱ्याच गावांचा कारभार आजही पंचायतच बघते, राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि वाड्यावरचं (म्हणजे गावातल्या वस्तीवरचं) जगणं गावाचंच आहे. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांत तर घरं लांब लांब, मधे जंगल नाहीतर डोंगर. गावडा, कुणबी, वेळीप समाजाची (२००३ पासून अनुसूचित जमातीत) बरीच वस्ती याच पट्ट्यात आहे.

शाळेबाहेर शिकणं गोव्याला नवीन नाही. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांमधे मुलांना नोटेशन वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवायचे, आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याचे इतके वादक दिसायचे त्याचं मूळ तिथे आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील चर्चमधे संगीत शिकवायचे, तिथून मुलगा मुंबईत सिनेमाच्या गाण्यांचा अरेंजर (वाद्यमेळ बसवणारा) झाला. दुसऱ्या बाजूला मराठी शिकायची तर देवळाच्या सभामंडपात किंवा कुणाच्या ओसरीवर पंतोजी बसायचे. १९६१ला गोवा मुक्त झाल्यानंतर, विशेष करून दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री असताना, गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि ओसरीवरचा वर्ग शाळेच्या इमारतीत गेला. आता झालंय असं की ती इमारत दुपारी कुलूप लावून बंद असते आणि मुलांना बसायला जागा नाही म्हणून लोक परत देवळाचा हॉल शोधतात.

आज जे चालतं त्यात सगळ्यात जास्त पसरलेली ट्युशन. कुणाच्या तरी घरी हॉलमधे आठ-दहा मुलं, पुढे पुस्तक, होमवर्क करून घ्यायचा, परीक्षा आली की जादा तास. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ने शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला बंदी आहे, म्हणून बऱ्याचदा वाड्यावरची शिकलेली ताई किंवा नोकरी शोधणारी पदवीधर मुलगी हे करते. मला वाटतं गावात मुलांचं पहिलं अक्षर सुधारतं ते या मुलींमुळे, आणि त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही.

सरकारी बाजूने बालभवन आहे, मुख्य इमारत पणजीला कांपालात आणि बाहेर गावांमधे केंद्रं. तिथे चित्रकला, नाच, गाणं, तबला, हस्तकला असं शिकवतात. बाजूलाच कला अकादमी (स्थापना १९७०), तिथे संगीत आणि नाट्याचं रीतसर शिक्षण मिळतं. मडगाव, साखळी, कुडचडे इथे रवींद्र भवनं आहेत त्यामुळे आता सगळं पणजीलाच असं राहिलं नाही. वाचनासाठी पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय, ज्याची सुरुवात १८३२ची, आणि २००५ पासून बुकवर्म नावाची संस्था मुलांसाठी ग्रंथालय चालवते, पुस्तकं घेऊन शाळांत, वस्त्यांत जाते. फुटबॉल सासष्टी तालुक्यात तर शिकवावा लागत नाही, भात कापून झालं की शेतातच मैदान होतं, तरी रीतसर कोचिंगसाठी गोवा फुटबॉल विकास मंडळाची केंद्रं आहेत.

पण खरी अडचण आहे बस. अनुदानित शाळांना सरकारच्या योजनेतून बालरथ (शाळेच्या बस) मिळाले, दुसरीकडे काही मुलं कदंबने, म्हणजे सरकारी बसने, जातात, आणि ही सोय इतकी चांगली आहे की लांबचं मूल शाळेत येऊ लागलं. मात्र बालरथ शाळा सुटली की लगेच निघतो. तो चुकला तर पुढची बस केव्हा याची खात्री नाही आणि चार-पाच किलोमीटर चालायचं. म्हणजे अडीच वाजता तबल्याचा क्लास आहे, शिकवणारा आहे, मुलाला आवड आहे, तरी ते मूल थांबू शकत नाही. थांबतं कोण, तर ज्याच्या घरी स्कूटर आहे किंवा घर शाळेला लागून आहे. नवा उपक्रम जाहीर करताना दुसऱ्या फेरीच्या डिझेलचा आणि ड्रायव्हरच्या जादा तासांचा खर्च त्यात धरला नसेल तर तो सांगे-सत्तरीच्या मुलांपर्यंत पोचत नाही, मग वर्ग कितीही छान असो. जेवणाचंही तसंच. महिला स्वयंसहाय्य गट मधल्या सुट्टीत पावभाजी वगैरे देतात ती सकाळची, त्यावर मूल चारपर्यंत कसं बसणार?

ऑनलाईन हा उपाय नाही हे कोविडमधे कळलं, नेटवर्कसाठी सत्तरी-सांग्यातली मुलं डोंगरावर चढून बसायची.

जिथे मुलं आपणहून जमतात ती जागा म्हणजे वाडा. चतुर्थीच्या आधी घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवत म्हणायच्या आरतीची प्रॅक्टिस, शिगम्याच्या (होळीच्या सुमाराचा सण) आधी मांडावर, म्हणजे गावाच्या जमायच्या जागेवर, रोमटामेळ (ढोल-ताशांवरची नाचती मिरवणूक), एरवी भजन. मोठी मुलं लहानांना हात धरून ताल दाखवतात, फी नाही, बस लागत नाही. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं आणि आता बकऱ्याचं लावतात, ही गोष्टसुद्धा मुलं तिथेच ऐकतात, रात्री साडेआठला, दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा असताना.