विजोड मशीन: जुना प्रोसेसर, धाकटं कार्ड आणि मोजमापाचा इतिहास

परळला माझ्या टेबलावर गेले पंधरा दिवस एक काळं कॅबिनेट उघडं पडलं आहे. आत इंटेलचा आय५-२४०० प्रोसेसर, २०११ चा, कुठल्याशा ऑफिसातून निघालेल्या मशीनमधला. त्याच्या जोडीला एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० ग्राफिक कार्ड, २०१६ चं, लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेलं. मशीन भाच्याचं. कार्ड बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, "मामा, सगळे ह्या कार्डावर जेवढ्या फ्रेम दाखवतात त्याच्या निम्म्याच मला येतायत. कार्ड खराब दिलं का त्याने?" फ्रेम म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं; सेकंदाला जितकी जास्त, तितका खेळ सलग दिसतो.

कार्ड ठणठणीत आहे, मी तपासलं. त्याने पाहिलेले आकडेही खरेच आहेत. ते आकडे घेताना कार्डाच्या जोडीला त्या वेळचा सगळ्यात वेगवान प्रोसेसर होता, एवढंच. कार्डाची परीक्षा अशीच घ्यायची हा रिवाज नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पडला, आणि भाच्याच्या मशीनसारख्या मशीनना त्यात जागा उरली नाही. तो रिवाज का पडला आणि विजोड मशीन नीट मोजायची रीत उशिरा का होईना कशी तयार झाली, ते इथे मांडतो.

आधी हे विजोड मशीन जमतं कसं ते पाहू. मुंबईत गेमिंगचं मशीन एका दमात विकत घेणारी घरं थोडी. बहुतेकांचं मशीन हळूहळू जमत जातं. ऑफिसं कॉम्प्युटर काही वर्षांनी बदलतात, कारण आयकराच्या हिशेबात त्यावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो (२०१७-१८ च्या आधी तो ६० टक्के होता) आणि चार वर्षांत वहीतली किंमत तेरा टक्क्यांवर येते. मग ती मशीन लॉटने विकली जातात. काही कुर्ला-साकीनाक्याच्या गोदामांत सुटी होतात, काही पुसूनपासून लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत उभी राहतात. त्या रस्त्याला कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात. नव्या मालाचा भाव उतरण्यामागे दुसरं कारण आहे: १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत कॉम्प्युटर आणि त्याच्या सुट्या भागांवरचं मूळ आयात शुल्क शून्यावर आलं. तरीही चांगलं कार्ड पगाराला जड जातंच. म्हणून आधी ऑफिसचं मशीन, मग दोन-तीन वर्षांनी कार्ड, तेही कुणीतरी वापरून काढलेलं, आठवड्याच्या टेस्टिंग वॉरंटीवर.

म्हाताऱ्या मशीनवर पाच वर्षांनी धाकटं कार्ड चढू शकतं ते मदरबोर्डवरच्या (सगळे भाग जिथे जोडले जातात त्या मुख्य पाटीवरच्या) एका स्लॉटमुळे, म्हणजे कार्ड खोचायच्या जागेमुळे. १९९७ च्या सुमारास आलेल्या एजीपी स्लॉटमध्ये ही सोय नव्हती. सुरुवातीची कार्डं ३.३ व्होल्टची, नंतरची १.५ व्होल्टची, त्यामुळे स्लॉटच्या खाचा वेगळ्या आणि चुकीची जोडी जमवली तर बोर्ड जाण्याची भीती. २००४ मध्ये पीसीआय एक्स्प्रेसचे बोर्ड आले आणि तो प्रश्न मिटला. पुढच्या प्रत्येक आवृत्तीने मागच्याशी नातं राखलं. सोळा लेनच्या (लेन म्हणजे माहितीच्या ये-जा करायच्या वाटा) स्लॉटचा वेग पहिल्या आवृत्तीत एका दिशेला सेकंदाला ४ जीबी, दुसरीत ८, तिसरीत जवळपास १६. पण कार्ड कुठल्याही स्लॉटमध्ये बसतं आणि दोघांतल्या कमी वेगाने चालतं. ह्याच काळात इंटेलने प्रोसेसरचं सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) मात्र पुन्हापुन्हा बदललं: २००४ ला ७७५, मग २००९ ला ११५६, २०११ ला ११५५, २०१३ ला ११५०, २०१५ ला ११५१. म्हणजे प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड बदला, कित्येकदा रॅमही बदला. कार्ड तेवढं एकटं बदलता येतं. असं असताना मशीन विजोड होणारच. 'चुकीची जोडी घेतली' म्हणून पोरांना कुणी हसलं की मला राग येतो तो ह्यासाठी.

ह्याच स्लॉटने आणखी एक मर्यादा घातली, ७५ वॅटची. स्लॉटमधून कार्डाला तेवढीच वीज मिळते. ऑफिसच्या मशीनमधल्या एसएमपीएसला (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला) कार्डासाठी वेगळी केबल बहुधा नसते. म्हणून २०१४ चं ६० वॅटचं जीटीएक्स ७५० टीआय आणि २०१६ चं ७५ वॅटचं १०५० टीआय ही कार्डं जुन्या मशीनवाल्यांची लाडकी झाली. अनेक मॉडेलना केबल लागतच नाही. आमच्या १०६० ला १२० वॅट लागतात. पहिल्यांदा आणलेल्या एसएमपीएसच्या डब्यावर ४५० वॅट छापलं होतं, तरी गेम सुरू झाला की दहा मिनिटांत मशीन बंद. दुसरा, वजनाला दुप्पट असा एसएमपीएस बसवल्यावर ते थांबलं. विजेची बाजू पक्की झाल्याशिवाय घेतलेल्या आकड्यांवर मी भरवसा ठेवत नाही.

आता मोजमापाकडे. १९९६ मध्ये आलेल्या 'क्वेक' गेममध्ये 'टाइमडेमो' नावाची आज्ञा होती. आधी नोंदवून ठेवलेला खेळ ती होईल तितक्या वेगाने पुन्हा चालवायची आणि शेवटी एक आकडा छापायची: सेकंदाला सरासरी किती फ्रेम. १९९८ मध्ये 'थ्रीडीमार्क' हे चाचणीचं सॉफ्टवेअर आलं, त्यानेही शेवटी एकच गुण दिला. एका आकड्याची सवय तिथून लागली. त्या काळच्या परीक्षकांपुढे अडचण खरी होती. दोन कार्डांतला फरक दाखवायचा तर प्रोसेसर आड येता कामा नये, म्हणून सगळ्यात वेगवान प्रोसेसर लावायचा. दोन प्रोसेसरांतला फरक दाखवायचा तर कार्ड आड येता कामा नये, म्हणून रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) ६४० बाय ४८० वर आणायचं. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे आणि मीही हीच रीत मानतो. पण त्यामुळे प्रोसेसरची परीक्षा एका मशीनवर झाली, कार्डाची दुसऱ्या, आणि दोघांनी एकत्र संसार केला तर काय होईल हे ज्याचं त्याने ताडायचं.

एका आकड्याचा मोह कंपन्यांनाही पडला. २००३ मध्ये 'थ्रीडीमार्क०३' च्या चाचणीत गुण वाढावेत म्हणून ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) खास युक्त्या असल्याचं उघड झालं आणि बराच वाद झाला. २००६ च्या आवृत्तीने प्रोसेसरची स्वतंत्र चाचणी घेऊन ती एकूण गुणांत मिसळली. विजोड मशीनला पहिल्यांदा थोडा न्याय मिळाला तो इथे, पण गुण एकत्र मिसळल्यामुळे दुखणं नेमकं कुठे आहे ते पुन्हा झाकलंच गेलं.

खरा बदल सप्टेंबर २०११ मध्ये झाला. 'द टेक रिपोर्ट' ह्या संकेतस्थळावर स्कॉट वॉसन ह्यांनी सेकंदाच्या आत डोकावायचं ठरवलं: सरासरी काढण्याऐवजी प्रत्येक फ्रेमला किती मिलिसेकंद लागले ते मांडायचं. हे का महत्त्वाचं ते एका सेकंदावरून कळतं. समजा ४८ फ्रेम प्रत्येकी १६.७ मिलिसेकंदांत आल्या आणि एक फ्रेम २०० मिलिसेकंद अडकली. बेरीज एक सेकंद, फ्रेम ४९. कागदावर ४९ दिसतं आणि मशीन बरं वाटतं. खेळणाऱ्याला मात्र त्या सेकंदात ठळक झटका बसलेला असतो, आणि नेमका तेव्हाच समोरचा गोळी घालून गेलेला असतो. कमजोर प्रोसेसरचा आजार बऱ्याचदा असाच दिसतो: सरासरी ठीक, मध्येच झटके. जुन्या प्रोसेसरच्या तक्रारी पूर्वी कुणी ऐकून घेत नव्हतं कारण मोजमापात त्या उमटतच नव्हत्या. ९९ टक्के फ्रेम किती वेळाच्या आत आल्या, सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग किती, हे आकडे आज सर्रास दिले जातात त्याचं मूळ तिथे आहे. आज प्रेझेंटमॉन, कॅपफ्रेमएक्स अशी साधनं फुकट मिळतात आणि हे काम परळच्या टेबलावरही होतं.

आम्ही ते केलं. एकाच गेममधला एकच रस्ता, तीच गर्दी, तीन वेळा. मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं. फ्रेम जवळपास हलल्या नाहीत. कार्डावरचं ओझं निम्म्याहून कमी झालं आणि वेग तोच राहिला, म्हणजे गाडी प्रोसेसरपाशी अडलेली. भाच्याने टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर शंभर टक्के नाही असं दाखवलं. तो आकडा चारही कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या चार स्वतंत्र कामगारांची, सरासरी असतो. गेमचा मुख्य धागा (थ्रेड, एकामागून एक करायच्या कामांची साखळी) एका वेळी एकाच कोअरवर पळू शकतो, त्याचं काम संपेपर्यंत बाकीचे वाट बघत राहतात.

प्रोसेसर नेमकं करतो काय? प्रत्येक फ्रेमसाठी कुठली वस्तू कुठे आहे ते ठरवून 'हे काढ, ते काढ' अशा आज्ञा ड्रायव्हरमार्फत कार्डाला देतो. हे ओझं कमी करायला एएमडीने (एनव्हिडियासारखीच कार्डं बनवणारी कंपनी) २०१३ मध्ये 'मँटल' जाहीर केलं, गेमने कार्डाशी बोलायची नवी पद्धत. पुढे २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर त्याच जातीचं डायरेक्टएक्स १२ आलं आणि २०१६ मध्ये व्हल्कन. पण त्याच सुमारास गेमची भूकही वाढत होती. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनमध्ये आठ कोअर होते, मंद असले तरी आठ, आणि गेम लिहिणारे काम आठांत वाटायला शिकले. २०२० च्या कन्सोलमध्ये आठही कोअर वेगवान झाले. आय५-२४०० चे चार कोअर तिथे मागे पडले.

ड्रायव्हरची गोष्ट तर २०२१ पर्यंत झाकलेली होती. त्या वर्षी मार्चमध्ये 'हार्डवेअर अनबॉक्स्ड' ह्या यूट्यूब चॅनेलने दाखवलं की डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रोसेसरचं जास्त काम खातो; मंद प्रोसेसरवर एएमडीचं कमी ताकदीचं कार्डसुद्धा पुढे जाऊ शकतं. वेगवान प्रोसेसरवरच चाचण्या घेण्याच्या रिवाजामुळे हे इतकी वर्षं दिसलं नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलचं आर्क बी५८० कार्ड आलं तेव्हाही तेच झालं: पहिली परीक्षणं उत्तम, आणि जानेवारीत जुन्या प्रोसेसरवर तपासल्यावर वेग बराच खाली.

मुंबईकराने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, हवा. २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाचं कार्ड तापमान आणि वीज पाहून स्वतःचा वेग स्वतः ठरवतं. परदेशातल्या थंड खोलीत घेतलेला आकडा आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर घेतलेला आकडा एकाच कार्डाचा असला तरी सारखा येणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम ह्या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झाल्यावर बाजारात ओतल्या गेलेल्या कार्डांत पंखे झिजलेली आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेली पुष्कळ होती. आमच्या कार्डाचीही पेस्ट मी बदलली, आणि खोलीचं तापमान प्रत्येक आकड्याशेजारी लिहिलं.

सगळ्यात मोठा फरक मात्र एका लहानशा पट्टीने पडला. ऑफिसच्या मशीनमध्ये बहुधा रॅमची एकच पट्टी असते, इथेही ८ जीबीची एकच होती. डीडीआर३-१३३३ ची एक पट्टी सेकंदाला साधारण १०.६ जीबी देते, दोन पट्ट्या जोडीने लावल्या तर २१.३. तशीच दुसरी पट्टी शोधून लावली. सरासरी थोडी वाढली, पण झटके डोळ्यांना कळतील इतके कमी झाले. मग फ्रेमवर मर्यादा घातली, गर्दी आणि लांबवरचं दृश्य कमी केलं कारण ते प्रोसेसरच्या अंगावर पडतं, आणि टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरचे बारकावे) वाढवलं, कारण कार्ड रिकामंच बसलं होतं. चित्र आधीपेक्षा सुंदर दिसतं आणि खेळ अडकत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ इंटेलच्या सहाव्या आणि बहुतेक सातव्या पिढीच्या प्रोसेसरना घेत नाही, त्यामुळे ऑफिसांतून आता ह्या मशीनचे लॉट निघतील आणि त्यांना नवी कार्डं जोडली जातील. त्या वेळी स्लॉटची जुनी हमी जरा तपासून घ्यायला हवी. एएमडीचं २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी दिसायला सोळा लेनच्या स्लॉटात बसतं, पण वापरतं चारच लेन, त्याही चौथ्या आवृत्तीच्या हिशेबाने. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर तिसरी आवृत्ती असते, म्हणजे वेग निम्मा; आमच्या आय५-२४०० च्या बोर्डावर दुसरी, म्हणजे पाव. कार्डावर मेमरी ४ जीबीचीच, ती भरली की सगळी ये-जा त्या चार लेनवरून. दुकानात पैसे देण्याआधी कार्ड हातात घेऊन खालची सोनेरी पट्टी बघा. काही कार्डांवर अर्धी पट्टी रिकामी दिसते, काहींवर पट्टी पूर्ण असूनही लेन कमीच असतात, म्हणून मॉडेलचं नाव घालून लेनची संख्या तिथेच फोनवर पाहून घ्या.