अर्ध्यातून परतलेली पट्टी
डबलबारीच्या (दोन बुवांच्या सामन्याच्या) भजनात हात तयार झालेला पेटीवाला डिजिटल पियानोवर बसतो, दुगुनीत एकच सूर चारदा वाजवतो आणि ऐकू येतात दोनच ठोके. बोटं मंदावलेली नसतात. पट्टी पुरती वर आलेली नसते, एवढंच.

पेटीत पट्टी दाबली की झडप उघडते आणि भात्याची हवा रीडमधून जाते. पट्टी अर्धीच उचलली तर झडप पुरती मिटत नाही, सूर चालूच राहतो, त्यामुळे हुकलेला ठोका कानाला फारसा बोचत नाही. डिजिटल पियानोत प्रत्येक ठोका नव्याने जन्माला यावा लागतो.

बहुतेक डिजिटल पियानोंत पट्ट्यांखाली रबराची लांब पट्टी असते. तिच्या फुगवट्यांच्या आत कार्बनच्या टिकल्या असतात, खाली सर्किट बोर्ड. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते. वाटेत आधी वरचा संपर्क जुळतो, मग खालचा. पट्टीवर पडलेला जोर यंत्राला कळत नाही, ते या दोन क्षणांमधला वेळ मोजतं. जोरात वाजवलं तर काही मिलिसेकंद, हळू वाजवलं तर त्याच्या कितीतरी पट. त्या वेळेचा १ ते १२७ मधला एक आकडा होतो आणि सूर किती मोठा वाजायचा ते ठरतं.

आता पट्टी अर्धी वर आणून पुन्हा दाबा. खालचा संपर्क सुटला, वरचा जुळलेलाच राहिला. घड्याळ सुरूच झालं नाही. आकडा नाही, म्हणून सूरही नाही.

या संपर्कांनाच सेन्सर म्हणतात. काही पियानोंत तिसरा सेन्सर या दोघांच्या मधे बसतो. वरचा सुटला नसला तरी मधला ते खालचा एवढा वेळ मोजता येतो आणि ठोका मिळतो. शिवाय वरचा न सुटल्याने आधीचा सूर तुटत नाही, नवा त्यावर चढतो. ग्रँड पियानोत हेच काम दुहेरी एस्केपमेंट करतं, म्हणजे पट्टी पुरती वर न येताही हातोडी पुन्हा मारता यावी अशी रचना. फ्रेंच पियानो-कारागीर एरार यांचं त्याचं पेटंट १८२१ सालचं. उभ्या पियानोत ती सोय सहसा नसते, तिथेही पट्टी बरीच वर येऊ द्यावी लागते. म्हणून दोन सेन्सरचं वाद्य टाकाऊ ठरत नाही, फक्त बोट जास्त उचलायची सवय लावावी लागते.

दुकानात पारख सोपी आहे. पेडलवरून पाय काढा, पट्टी तळापर्यंत दाबा, निम्मी वर येऊ द्या, तिथूनच पुन्हा दाबा. वाजली तर तिसरा सेन्सर असण्याची शक्यता दाट. पाच-सहा पट्ट्यांवर करून पाहा.

मालवण-वेंगुर्ल्याकडे मात्र आणखी एक भानगड असते. खारी हवा ओल धरते, त्या ओलीवर धूळ चिकटते आणि संपर्क उशिरा जुळू लागतो. वरचा उशिरा जुळला की मधला वेळ कमी भरतो आणि हलक्या बोटालाही सूर किंचाळतो. खालचा उशिरा जुळला तर सूर दबतो किंवा गायब होतो. त्रास सगळ्या पट्ट्यांवर सारखा असेल तर ती रचनेची मर्यादा. एक-दोन पट्ट्यांवरच असेल तर मळ.

वॉरंटी संपली असेल तरच उघडा. आधी प्लग काढा, स्क्रूंच्या जागांचे फोटो घ्या. बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. कार्बनच्या टिकल्या घासू नका, थर निघाला की त्या गेल्याच. कोरड्या कापडाने हलकेच टिपा. तेलकट स्प्रे अजिबात नको, रबर फुगतं. दहा मिनिटं वाळू द्या. मग रबरी पट्टीची प्रत्येक खुंटी बोथट काडीने भोकात पुरती बसवा. एखादी अर्धवट राहिली तर तिथला फुगवटा तिरका होतो आणि तीच पट्टी पुन्हा चुकते. रबरी पट्टीखाली हवा जायच्या बारीक वाटा असतात. त्या चिकटपट्टीने किंवा गोंदाने बुजल्या तर आत हवा कोंडते आणि वाजवायची पट्टी जड लागते.

पावसाळ्यात वाद्य समुद्राकडच्या खिडकीपासून लांब ठेवा आणि वर प्लास्टिकऐवजी सुती कापड घाला, प्लास्टिकखाली ओल कोंडते.