लेप्टोचा जिवाणू रक्तात टिकतो कसा?

तुंबलेल्या पाण्यातून चालत आलात आणि पायाला जखम असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा, असं मुंबई महापालिका पावसाळ्यात सांगते. उंदरांच्या, कुत्र्यांच्या, गुरांच्या लघवीतून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा, जिवाणू त्या पाण्यात उतरतो आणि नुसत्या खरचटलेल्या कातडीतूनही आत शिरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तर 'लेप्टो' हा शब्द घरोघरी पोचला. पण या जिवाणूच्या, म्हणजे लेप्टोस्पायराच्या, निरुपद्रवी जातीही पाण्यात, चिखलात असतात. त्यांचं कोणी नाव घेत नाही, कारण आपल्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ द्रवात, त्या बघता बघता मरतात. त्यांना मारतं कोण?

कोविडनंतर 'अँटिबॉडी' हे उत्तर सगळ्यांच्या जिभेवर असतं. पण अँटिबॉडी जिवाणूला चिकटते. मारण्याचं काम सहसा दुसऱ्याचं. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे यांनी १८९५ च्या सुमारास हे दाखवलं, तेही फार साध्या रीतीने. कॉलराची लस टोचलेल्या प्राण्याचं सीरम कॉलराचे जिवाणू विरघळवत असे. तेच सीरम ५५ अंशांवर तापवलं, की त्याचा जोर संपे. मग त्यात लस न टोचलेल्या प्राण्याचं थोडं ताजं सीरम घातलं. एरवी त्या ताज्या सीरममध्ये एवढा दम नव्हता, पण मिश्रण पुन्हा जिवाणू मारू लागलं. म्हणजे घटक दोन: एक उष्णता सोसणारा आणि विशिष्ट रोगापुरता, तो अँटिबॉडी, दुसरा नाजूक आणि सगळ्यांच्याच रक्तात असलेला, तो कॉम्प्लिमेंट. बोर्दे यांना १९१९ चं नोबेल मिळालं.

कॉम्प्लिमेंट म्हणजे तिसाहून अधिक प्रथिनं, बरीचशी यकृतात तयार होणारी. अँटिबॉडी जिवाणूवर बसली की सी-१ तिला पकडतं आणि एकामागून एक प्रथिनं कापली जातात. कळीचं प्रथिन सी-३. त्याचे तुकडे जिवाणूच्या अंगभर चिकटतात आणि पांढऱ्या पेशींना त्याला गिळणं सोपं जातं. शेवटी सी-५ ते सी-९ मिळून पटलात सुमारे १० नॅनोमीटरचं भोक पाडतात. पाणी आत घुसतं, जिवाणू फुटतो. सी-३ अँटिबॉडीवाचूनही, आपसूक थोडंथोडं कापलं जातच असतं. निरुपद्रवी लेप्टोचा निकाल लावायला तेवढंही पुरतं.

मग आपल्या स्वतःच्या पेशी कशा वाचतात? रक्तातलं फॅक्टर एच त्यांच्यावर बसून ही साखळी थोपवतं. रोगकारक लेप्टो हेच फॅक्टर एच ओढून स्वतःच्या अंगावर लावतो. फुकट्याच्या खिशात बोगस नव्हे, खराखुरा पास! त्यावर सी-३ कापणारी विकरंही तो सोडतो.

ही चलाखी अँटिबॉडी येईपर्यंत चालते. त्या आल्या, की गिळणाऱ्या पेशींना जिवाणू सापडू लागतो आणि रक्तातून तो हटतो. मूत्रपिंडात मात्र काही काळ टिकून राहतो. अडचण एवढीच, की अँटिबॉडी पुरेशा प्रमाणात यायला आजाराचे पाच-सात दिवस जातात. तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम (सुरुवातीला येणाऱ्या अँटिबॉडीची) चाचणी निगेटिव्ह आली, म्हणून डॉक्टर लेप्टोची शंका सोडत नाहीत. चाचणी पुन्हा करायला सांगतात, औषध मात्र आधीच सुरू करतात.