होमरूल शहर की जनरल-लॉ शहर? टेक्सासमध्ये घर बघताना पडलेला प्रश्न

माझा मावसभाऊ डॅलसच्या उत्तरेला घर शोधत होता. शेवटी दोन घरं पसंत पडली, आणि दोन्हींच्या मधे फक्त एक चौपदरी रस्ता. रस्त्याच्या अलीकडे एक शहर, पलीकडे साडेचार हजार वस्तीचं दुसरं. एजंटबाई जाता जाता म्हणाल्या, "अलीकडचं होमरूल आहे, पलीकडचं जनरल लॉ." रात्री मला फोन आला, "होमरूल म्हणजे टिळकांचं का रे?"

प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. लोकमान्यांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग काढली तेव्हा मागणी साम्राज्य सोडून जाण्याची नव्हती. साम्राज्यात राहूनच घरचा कारभार घरच्यांच्या हाती द्या, एवढंच म्हणणं होतं. टेक्सासच्या शहरांना ही सोय त्याआधी चार वर्षं, १९१२ च्या घटनादुरुस्तीने मिळाली, आणि गाभा तोच: वर राज्य आहेच, पण घरातलं आम्ही ठरवू.

नुसती गाडी फिरवून या दोन प्रकारच्या शहरांतला फरक कळत नाही. दोन्हीकडे महापौर, दोन्हीकडे कौन्सिल, दोन्हीकडे पाण्याचं बिल आणि कचऱ्याचे डबे. दुकानातल्या पावतीवरचा सेल्स टॅक्स दोन्हीकडे जास्तीत जास्त ८.२५ टक्के. आपले लोक घर घेताना ज्यांच्यासाठी जीव टाकतात त्या सरकारी शाळा तर दोन्ही शहरांच्या ताब्यात नसतात. शाळांचे जिल्हे वेगळे, त्यांची हद्द वेगळी आणि करही वेगळा. आणि गवत वाढलं म्हणून जे खरमरीत पत्र येतं ते बहुतेक वेळा शहराचं नसतंच, सोसायटीचं म्हणजे एचओएचं असतं. तो तिसराच संसार.

शहराला एखादी गोष्ट पहिल्यांदाच करायची असते तेव्हा मात्र फरक लगेच समोर येतो. जनरल-लॉ शहराचा वकील राज्याचा कायदा उघडतो आणि शोधतो, हे करायची परवानगी कुठे लिहिली आहे? होमरूल शहराचा वकील तोच कायदा उघडतो आणि शोधतो, हे करू नका असं कुठे लिहिलं आहे? पान कोरं निघालं तर पहिला हात जोडून बसतो, दुसरा कामाला लागतो. मला विचाराल तर सगळा विषय एवढाच आहे. बाकी सगळं या कोऱ्या पानातूनच येतं.

परवानगी शोधण्याची ही सवय जुनी आहे. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये सांगून टाकलं की शहर म्हणजे राज्याचं अपत्य. राज्याने स्पष्ट शब्दांत दिलेले, आणि त्यांतून अटळपणे निघणारे, तेवढेच अधिकार त्याला. शंका आली तर अधिकार नाही असंच धरायचं. मिशिगनचे टॉमस कूली यांनी १८७१ मध्ये उलट बाजू मांडली, की गावचा कारभार गावाने करणं हा लोकांचा मूळचाच हक्क आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०७ मध्ये डिलन यांच्याच वाटेने जाऊन तो वाद मिटवला. पण तोवर काही राज्यांनी मधली वाट काढली होती: हक्क उपजत नसेल तर नसो, राज्याच्या घटनेतच लिहून घेऊ. मिझुरीने १८७५ च्या घटनेत ते लिहिलं आणि दुसऱ्याच वर्षी सेंट लुईसने पहिली होमरूल सनद (तिकडे चार्टर म्हणतात, शहराची स्वतःची घटनाच) केली.

टेक्सासला ही बुद्धी सुचली ती कंटाळ्यातून. १९१२ पूर्वी मोठ्या शहराची सनद म्हणजे विधिमंडळाने त्या एका शहरासाठी केलेला खास कायदा असे. सनदेत बारीकसा बदल हवा असला तरी राज्याच्या राजधानीला, ऑस्टिनला खेटे घालायचे, आणि तिथलं विधिमंडळ नियमितपणे भरतं ते दोन वर्षांतून एकदा. शहरांना उशीर होत होता, आमदारांना गल्लीबोळांची भांडणं सोडवावी लागत होती. घटनादुरुस्तीने ते थांबवलं. पाच हजारांपेक्षा जास्त वस्ती असेल तर शहराने आपली सनद आपण लिहावी, मतदारांनी मंजूर करावी; राज्यघटना आणि राज्याचे सर्वसाधारण कायदे यांच्याविरुद्ध मात्र तिच्यात काही नको.

सनद लिहायची रीत अशी: निदान पंधरा जणांची सनद समिती बसते, मसुदा करते, तो मताला जातो. सनदेत काय येतं? कौन्सिलवर किती जण, त्यांची मुदत किती, प्रभागवार की साऱ्या शहरातून, कारभार महापौराने हाकायचा की नेमलेल्या सिटी मॅनेजरने. ह्यूस्टनमध्ये महापौर बलवान, तो खरोखर शहर चालवतो. डॅलसमध्ये मॅनेजर चालवतो. दोन्ही होमरूल शहरंच, फक्त सनदा वेगळ्या. जनरल-लॉ शहराला ही निवड इतकी मोकळी नसते. राज्याने ए, बी, सी असे तीन तयार साचे ठेवले आहेत, त्यांतल्या एकात बसायचं. मालमत्ता कराची कमाल मर्यादाही वेगळी: पाच हजारांपर्यंतच्या शहराला शंभर डॉलर मूल्यावर दीड डॉलर, होमरूलला अडीच. प्रत्यक्षात फ्रिस्कोसारखं शहर त्यावर अर्धा डॉलरसुद्धा घेत नाही, त्यामुळे भावाने या आकड्याने घाबरायचं कारण नव्हतं.

इथे एक शब्द आपल्याला हमखास फसवतो. सनदेच्या हाताखाली शहर जे नियम करतं त्यांना तिकडे ऑर्डिनन्स म्हणतात. आपण तो शब्द ऐकला की राज्यपालांचा अध्यादेश, सहा महिन्यांची घाई, असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. तसं नाही. ते आपल्याकडच्या उपविधींसारखे साधे नियम, कौन्सिल बहुमताने करतं आणि बहुमताने बदलतं. सनद मात्र कौन्सिलला एकट्याने बदलता येत नाही, आणि एका दुरुस्तीनंतर दोन वर्षं थांबावं लागतं. म्हणजे सनद शहराला राज्यापासून मोकळीक देते तशीच कौन्सिलला लोकांसमोर बांधूनही ठेवते. ही दुसरी बाजू लोक विसरतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये डॅलसच्या मतपत्रिकेवर अध्यक्षपदाच्या निवडणुकीखाली सनदेच्या अठरा दुरुस्त्या होत्या. प्रत्येकीपुढे दोन चौकोन, बाजूने आणि विरुद्ध. कायदाच सांगतो की एका प्रस्तावात एकच विषय, म्हणून ही रांग. त्यांतल्या काही लोकांनी सह्या गोळा करून आणलेल्या, आणि त्यांना बहुतेक नगरसेवकांचा विरोध होता. एक अशी की शहराने सनद मोडली तर रहिवाशाला थेट कोर्टात खेचता यावं, शहराने आपलं कायदेशीर कवच सोडावं. दुसरी अशी की वाढीव उत्पन्नातला निम्मा हिस्सा पोलिसांच्या पेन्शनकडे आणि भरतीकडे जावा, दलात निदान चार हजार पोलीस असावेत. दोन्ही मंजूर झाल्या. मॅनेजरचा पगार नागरिकांच्या पाहणीशी जोडावा अशी तिसरी होती, ती पडली. हे शहाणपणाचं झालं की नाही यावर डॅलसकर आजही भांडतील; माझ्या मते शहराचं अंदाजपत्रक सनदेत कोंबणं हा होमरूलचा वाईट उपयोग आहे. पण ते कोंबायचा अधिकार मतदारांना होता. अशी दुरुस्ती मताला लावायला पाच टक्के मतदारांच्या किंवा वीस हजार सह्या, यांतला जो आकडा लहान तो पुरतो. रस्त्यापलीकडच्या गावात दुरुस्त करायला सनदच नाही. नगरसेवकाला मुदतीआधी मतदानाने परत बोलावायची सोयसुद्धा होमरूल शहराच्या सनदेतूनच येते. जनरल-लॉ गावात त्याला काढायचं तर कोर्टाची पायरी चढा.

आता होमरूलचा फुगा कसा फुटतो ते. डॅलसच्या वायव्येला डेंटन नावाचं विद्यापीठाचं शहर आहे, हेही होमरूल. घरांच्या अगदी कुंपणापाशी गॅसच्या विहिरी, जमिनीखालचा खडक पाण्याच्या दाबाने फोडणं चाललेलं. लोकांनी सह्या जमवल्या, प्रश्न मताला आणला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये चांगल्या बहुमताने शहराच्या हद्दीत खडक फोडण्यावर बंदी घातली. हे पाऊल रस्त्यापलीकडच्या गावाला टाकताच आलं नसतं. पण पुढे? मे २०१५ मध्ये राज्याने कायदा केला की तेल आणि वायूच्या विहिरींचं नियमन राज्याचं, शहरांचं नाही. जूनमध्ये डेंटनच्या कौन्सिलने मुकाट बंदी उठवली. सहा-सात महिन्यांत खेळ संपला.

लरेडो शहराने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली होती, ती २०१८ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या कायद्याशी विसंगत म्हणून उडवली. २०२३ मध्ये तर विधिमंडळाने शेती, मजुरी, मालमत्ता असे कायद्यांचे अख्खे विभागच शहरांना बंद करणारा कायदा केला. उन्हात काम करणाऱ्या बांधकाम मजुरांना पाणी प्यायला सुट्टी द्या, असे ऑस्टिन आणि डॅलसचे नियम त्याच्या तडाख्यात आले, आणि ह्यूस्टनने राज्याला कोर्टात खेचलं. त्या दोन वकिलांच्या भाषेतच बोलायचं तर, ‘करू नका’ची पानं भराभर छापली जात आहेत. कोरी पानं कमी झाली की दोन शहरांतलं अंतरही कमी होतं.

हद्दवाढीचंही तेच झालं. पुण्याभोवतीच्या गावांना हा शब्द नव्याने सांगायला नको. होमरूल शहरांचं सगळ्यांत मोठं हत्यार हेच होतं: शेजारची वस्ती तिथल्या लोकांना न विचारता आत ओढणं. ह्यूस्टनने १९९६ मध्ये किंगवूड ही शेजारची वस्ती अशीच आत घेतली, रहिवाशांचा कडवा विरोध असताना. २०१७ आणि २०१९ च्या कायद्यांनी हा मार्ग जवळपास बंद केला; आता बहुतेक ठिकाणी तिथल्या लोकांची संमती लागते. किंगवूडवाल्यांना हे फार उशिरा मिळालं.

आपल्याकडचं कुठे बसतं? मुंबईला १८८८ चा स्वतःचा कायदा आहे, म्हणून वाटतं की ही सनदच. पण तो मुंबईकरांनी मताला लावलेला नाही. तो विधिमंडळात होतो आणि तिथेच बदलतो. नगरसेवक २२७ की २३६, हे एका सरकारने २०२१ मध्ये वाढवलं, दुसऱ्याने २०२२ मध्ये परत आणलं. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, हेही राज्यातलं सरकार पालटलं की पालटतं. डॅलसमध्ये चौदा नगरसेवक आणि महापौर हा आकडा सनदेत आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आपल्या शहरांना राज्यघटनेत जागा दिली हे खरं, पण कोणती कामं सोपवायची ते राज्यावरच ठेवलं. टेक्सासच्या भाषेत सांगायचं तर आपली सगळीच शहरं रस्त्याच्या पलीकडची.

भावाला ओळखायची खूण हवी होती. नावावर जाऊ नकोस, असं मी सांगितलं. फ्लॉवर माउंड आणि प्रॉस्पर स्वतःला टाउन म्हणवतात, पण दोन्ही होमरूल आहेत. लोकसंख्येवरही सरसकट विसंबू नये. पाच हजार ओलांडले की सनद आपोआप मिळत नाही, मतदान व्हावं लागतं. आणि एकदा मिळाली की वस्ती पुन्हा घटली तरी जात नाही. टेक्सासमध्ये बाराशेच्या वर शहरं आहेत, त्यांतली साडेतीनशेहून जास्त होमरूल. शहराच्या संकेतस्थळावर चार्टर शोध. सापडला तर त्यात नागरिकांचा पुढाकार आणि परत बोलावणं यांचं प्रकरण आहे का बघ.

त्याने शेवटी पलीकडचंच घर घेतलं, स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला होती म्हणून. गेल्या महिन्यात त्याने सिटी हॉलच्या दाराचा फोटो पाठवला. गावाची वस्ती पाच हजारांवर गेली आहे, सनद समितीसाठी नावं मागवली आहेत, पंधरा जण हवेत. वहिनीने नाव दिलं आहे. परवा तिचाच फोन, "अहो, पहिल्या कलमात काय लिहितात?" मी म्हटलं, बहुतेक ठिकाणी आधी शहराचं नाव, मग हद्द.