नव्या सर्व्हरवर व्हीएम मंद का पडते: थोडी पार्श्वभूमी

जुन्या सर्व्हरवर सुरळीत चालणारी व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) दुप्पट ताकदीच्या नव्या सर्व्हरवर नेली आणि रेंगाळू लागली, की बहुतेक जण आधी तिचे प्रोसेसर कोअर वाढवतात. त्याने कधी कधी दुखणं वाढतंच. खरी गोम अशी की व्हीएमच्या कॉन्फिगरेशनमध्ये जुन्या यंत्राची ओळख कोरलेली असते आणि स्थलांतरात तीही सोबत येते. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे घर फिरतं, वासे तसेच राहतात.

आयबीएमच्या मेनफ्रेमवर आभासी यंत्रं १९६० च्या दशकातच चालत होती. १९७२ साली व्हीएम/३७० ही तिची प्रणाली आली. एक्स८६ (इंटेल आणि एएमडीच्या घराण्यातला) प्रोसेसर मात्र या कामासाठी घडवलेलाच नव्हता. त्याच्या काही सूचना हायपरव्हायझरला (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) पत्ता न लागू देता वेगळंच उत्तर द्यायच्या. व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ पासून अशा सूचना चालता चालता बदलून हा पेच सोडवला. पुढे इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स, एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही आणलं आणि हे काम सॉफ्टवेअरकडून चिपकडे गेलं. वेग वाढला, पण व्हीएमला चिपची कोणती वैशिष्ट्यं दिसतात यावर तो अवलंबूनही राहू लागला.

त्याआधीच, २००३ मध्ये, व्हीएमवेअरच्याच व्हीमोशनने चालू व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायची सोय केली होती. वाटेत एखादी सूचना गायब झाली तर व्हीएम कोसळणार. म्हणून सगळ्या सर्व्हरना झेपेल असा जुनाच प्रोसेसर व्हीएमला दाखवायची पद्धत पडली. व्हीएमवेअरची ईव्हीसी ही अशी सोय २००८ ची. केव्हीएम या लिनक्समधल्या हायपरव्हायझरच्या जगात हेच काम ‘केव्हीएम६४’ हे जुन्या पेंटियम ४ च्या तोडीचं मॉडेल करतं. केव्हीएमवर आधारलेल्या प्रॉक्समॉक्समध्ये नवी व्हीएम बनवताना २०२३ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत तेच आपोआप निवडलं जायचं.

याची किंमत जानेवारी २०१८ मध्ये, मेल्टडाउन हा प्रोसेसरमधला सुरक्षा-दोष उघड झाल्यावर कळली. बचाव म्हणून लिनक्सने कर्नल (ओएसचा गाभा) आणि प्रोग्राम यांची पेज टेबलं, म्हणजे मेमरीचे नकाशे, वेगळी केली (पीटीआय). पीसीआयडी हे प्रोसेसरचं वैशिष्ट्य असेल तर त्याचा भार हलका राहतो. केव्हीएम६४ मध्ये ते दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक सिस्टिम कॉलला (प्रोग्रामने कर्नलकडे काम मागताना) टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांचा झटपट साठा) रिकामा होतो. भरपूर आयओ (वाचन-लेखन) करणाऱ्या डेटाबेसला हे लगेच जाणवतं. गंमत पुढेच आहे. २०१९ च्या कॅस्केड लेक पिढीपासूनच्या झिऑनना (इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरना) मेल्टडाउनची बाधाच होत नाही, पण ही माहिती व्हीएमपर्यंत पोचत नसल्याने आतलं कर्नल बचाव चालूच ठेवतं. व्हीएममध्ये ‘एलएससीपीयू’ (lscpu) ही कमांड चालवा. मेल्टडाउनच्या ओळीत ‘मिटिगेशन: पीटीआय’ आणि होस्टवर (व्हीएम ज्यावर चालते त्या सर्व्हरवर) त्याच ओळीत ‘नॉट अफेक्टेड’ दिसलं, तर रोग सापडला. याच मॉडेलमध्ये एईएस (एन्क्रिप्शनच्या) सूचनाही नसतात, म्हणून टीएलएस (नेटवर्कवरचं एन्क्रिप्शन) आणि डिस्क एन्क्रिप्शन रखडतं. उपाय: सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ करा. मग वेगळ्या पिढीच्या सर्व्हरवर चालू स्थितीत हलवणं विसरायचं. आणि आतून रीबूट करून भागत नाही. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी लागते.

दुसरा वारसा मेमरीचा. एएमडीच्या २००३ च्या ऑप्टेरॉनने मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत घेतला. झिऑन २००९ मध्ये त्याच वाटेने गेला. तेव्हापासून दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये अर्धी मेमरी ‘शेजाऱ्याची’ असते, आणि तिथे जायला वेळ लागतो. प्रत्येक नोडला (एक प्रोसेसर आणि त्याची स्वतःची मेमरी) १२८ जीबी असलेल्या होस्टवर १६० जीबीची व्हीएम ठेवली, तर निदान ३२ जीबी पलीकडे जाणारच. आतल्या ओएसला ही रचना कळावी म्हणून व्हीएमवेअरने २०११ मध्ये, व्हीस्फिअर ५ सोबत, व्हीन्यूमा दिलं. त्यात दोन खाचखळगे होते. ही रचना व्हीएम पहिल्यांदा सुरू झाली त्या होस्टवरून ठरायची आणि हलवल्यावरही तशीच राहायची. शिवाय सीपीयू हॉट ॲड (चालू व्हीएमला सीपीयू जोडायची सोय) चालू असेल तर व्हीन्यूमा बंद. केव्हीएमवर मेमरी कुठल्या नोडवर पडली आहे ते होस्टच्या ‘नुमास्टॅट’मध्ये दिसतं.

कोअर वाढवण्याच्या सवयीबद्दल: व्हीएमवेअरच्या ईएसएक्स या हायपरव्हायझरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत एका व्हीएमच्या सगळ्या व्हीसीपीयूंना (आभासी प्रोसेसरना) एकाच वेळी मोकळे कोअर मिळावे लागत. तो नियम पुढे शिथिल झाला, पण गर्दीच्या होस्टवर रुंद (जास्त व्हीसीपीयूंची) व्हीएम आजही ताटकळते. व्हीएमवेअरच्या व्हीसेंटर या व्यवस्थापन साधनाच्या थेट आलेखात सीपीयू रेडीचा (कोअरची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा) आकडा २० सेकंदांचा असतो. एका व्हीसीपीयूसाठी २,००० मिलिसेकंद म्हणजे १० टक्के, आणि ते फार झालं. केव्हीएमवरच्या लिनक्स व्हीएममध्ये ‘टॉप’ या कमांडमधला ‘एसटी’ हा आकडा तेच सांगतो.

हे सगळं तपासण्याआधी होस्टच्या बायॉसमधलं पॉवर प्रोफाइल आणि रेड कंट्रोलर (डिस्कचा संच सांभाळणारं कार्ड) बघून घ्या. नव्या कंट्रोलरची बॅटरी चार्ज झालेली नसेल तर तो बहुधा राइट-बॅक (आधी कॅशमध्ये लिहिणं) सोडून राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर लिहिण्यावर) जातो. मग फक्त लिहिणं मंदावतं आणि वाचणं ठणठणीत असतं.