‘कम्फर्टेबली नम्ब’: बेळगावातून ऐकताना

बेळगावात कॉलेजच्या गॅदरिंगला कुणी गिटारवर पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं ‘कम्फर्टेबली नम्ब’ (म्हणजे ‘सुखानं बधिर’) सुरू केलं की ऐकणाऱ्यांतला एकजण तरी म्हणतोच, ‘नशेचं गाणं की ते!’ त्याचंही चुकत नाही. गाण्यात डॉक्टर आहे, सुई आहे, हात फुगल्याचा भास आहे.

पण ती सुई खरी होती. बँडच्या 1977 च्या दौऱ्यात अमेरिकेत फिलाडेल्फियाला कार्यक्रमाच्या तोंडावर बँडचा बासवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्सच्या पोटात कळा येऊ लागल्या. डॉक्टरनं इंजेक्शन टोचलं. हातांत जीव नसताना तो रंगमंचावर उभा राहिला आणि वाजवत राहिला. फुगलेले हात मात्र त्याहून जुने, लहानपणीच्या तापातले. म्हणजे ही मौजेची धुंदी नाहीच. कार्यक्रम बुडू नये म्हणून आजारी माणसाला बधिर करून उभं केलंय. त्याच दौऱ्याच्या शेवटी, 6 जुलैला माँट्रियलमध्ये, दंगा करणाऱ्या एका चाहत्यावर वॉटर्स थुंकला. मग स्वतःचीच किळस आली. प्रेक्षक आणि आपण यांच्यात भिंत उभी आहे, ही कल्पना तिथून निघाली आणि 1979 मध्ये ‘द वॉल’ हा अल्बम आला.

या गाण्याची चाल मुख्यतः बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोरची, शब्द वॉटर्सचे. गातातही दोघं वाटून: डॉक्टरचा आवाज वॉटर्सचा, रुग्णाचा गिल्मोरचा. गंमत अशी, की दोघं एकमेकांशी बोलतात पण भेटत नाहीत. सोसेनासं झालं की मन जाणिवेपासून सुटून बाजूला उभं राहतं. मानसशास्त्रात त्याला डिसोसिएशन म्हणतात. बँडच्या संस्थापकांपैकी एक, सिड बॅरेट, याची मानसिक पडझड आणि 1968 मधलं त्याचं बँडबाहेर जाणं, हा धागाही अल्बममध्ये आहे. या गाण्यापुरता तो फार ताणू नये, असं मला वाटतं.

ताणायचाच तर बापाचा धागा ताणावा. वॉटर्सचा जन्म सप्टेंबर 1943 चा. वडील एरिक फ्लेचर वॉटर्स फेब्रुवारी 1944 मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत पडले, तेव्हा पोरगं पाच महिन्यांचं. ज्याचा चेहराही आठवत नाही त्याच्यासाठी रडायचं कसं? ‘द वॉल’मधल्या नायकाच्या भिंतीची पहिली वीट हीच.

इथं बेळगावच्या माणसाचे कान टवकारायला हवेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र 1922 पासून आपल्या कॅम्पात आहे, आणि 1944 साली ही पलटण इटलीतच लढत होती. 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकटेच मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले आणि तिथंच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. खानापूर-निपाणीकडच्या घरांतून आज्ज्याचा पलटणीतला फोटो भिंतीवर असतो. रोज हारही घालतात, पण त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. हे न बोलणंही एक प्रकारचं बधिरपणच. फक्त त्याचं गाणं झालं नाही.

इटलीत कॅसिनो नावाच्या गावात, ज्यांची कबर सापडली नाही अशा चार हजारांवर सैनिकांचं स्मारक आहे. एरिक वॉटर्सचं नाव त्यावर कोरलंय, आणि यशवंत घाडग्यांचंही.